सोंग नव्हे, बाधाही नव्हे

घरात कुणाची दातखीळ बसली, हातपाय लुळे पडले की कुणी म्हणतं बाधा, कुणी म्हणतं सोंग. तसं नाही. डॉक्टर पूर्वी याला हिस्टेरिया म्हणत. १९८० साली अमेरिकेने त्याची दोन खाती केली : एक शरीराच्या लक्षणांचं, दुसरं हरपलेल्या भानाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू यादीत दोन्ही एकाच खात्यात आहेत. मनाविरुद्ध, त्रास देणारं 'अंगात येणं'ही त्यातच. जत्रेत रूढीप्रमाणे वारं येतं, ते आजार नव्हे.

पण मिरगी, मण्यारीचा दंश, फवारणीची विषबाधा यांतही झटके वा लुळेपणा येतो. म्हणून आधी दवाखाना गाठा. भूत उतरवायला मारझोड, मिरचीची धुरी हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पोलीसपाटलांनी लक्ष ठेवावं. मनाच्या आजारावर मोफत सल्ल्यासाठी टेली-मानस : १४४१६.