धूसरतेची रचना

चित्रपटात पात्राचा चेहरा रेखीव दिसतो आणि मागची झाडे मात्र धूसर होतात, हे आपण पाहिले असेल. कॅमेऱ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर नेमके केंद्रित होते. त्या अंतराच्या अलीकडचा वा पलीकडचा बिंदू चित्रात बिंदू न राहता चकती होतो. भिंगाचे छिद्र जितके मोठे, तितकी ही चकती मोठी.

संगणकावर रचलेले दृश्य बहुधा सर्वत्र सारखेच स्पष्ट असते. खऱ्या चित्रणात ते मिसळले, की डोळ्यांना खटकते. म्हणून धूसरता मुद्दाम आणावी लागते. त्यासाठी ‘डेप्थ मॅप’ हे करड्या छटांचे चित्र उपयोगी पडते; त्यातील प्रत्येक छटा वस्तूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर दर्शवते आणि त्यावरून चकतीचा आकार ठरतो. सर्व काही सरसकट पुसट करणे सोपे. पण त्याने धुके पसरल्याचा भास होतो. भिंगातून दूरचा दिवा विरत नाही, तेजस्वी चकती बनतो. ‘वॉल-ई’ (२००८) या अ‍ॅनिमेशनपटासाठी पिक्सारच्या कलाकारांनी खऱ्या भिंगांच्या अशा लकबी अभ्यासल्या होत्या.

खरी कसोटी कडांवर लागते. जवळची फांदी धूसर केली, की तिची कड अर्धपारदर्शक होते व तिच्यामागचे दृश्य दिसायला हवे. सपाट चित्रात ते मुळी नोंदलेलेच नसते! म्हणून फांदी आणि पार्श्वभूमी वेगळ्या थरांत ठेवून झाकलेला भाग भरून काढतात. मोबाइलच्या ‘पोर्ट्रेट’ छायाचित्रांत केसांच्या बटा कधी अर्धवट पुसल्या जातात. तेथेही कडेचे अंतर यंत्राला नेमके उमगलेले नसते.