सुई कुठे पोहोचली?

बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या मोठ्या सोसायट्यांत सकाळी बाकांवर बसलेल्या आजी-आजोबांकडून मराठी सहज कानावर पडते. मुलगा किंवा मुलगी आयटीत, म्हणून कुणी पुणे सोडलेले, कुणी नागपूर. त्यांच्यातल्या एखाद्या घरी रात्रीच्या जेवणानंतर सून सासूबाईंच्या हातावर डोनेपेझिलची गोळी ठेवते आणि ती गिळली जाईपर्यंत समोर उभी राहते. अल्झायमरसाठी हे औषध १९९६ पासून वापरात आहे. स्मरण आणि लक्ष ज्याच्या आधारावर चालते ते अ‍ॅसिटाइलकोलीन हे रसायन मेंदूत चटकन मोडले जाऊ नये, एवढीच या गोळीची कामगिरी. ते रसायन बनवणाऱ्या पेशी मात्र मरतच राहतात. त्यांना ही गोळी वाचवत नाही.

या पेशींचा मोठा पुंजका मेंदूच्या तळाशी, पुढच्या भागात असतो. मायनर्ट या शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ, या प्रथिनावर त्या जगतात. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना या प्रथिनासह वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांच्या शोधासाठी १९८६चे नोबेल मिळाले. एनजीएफ तयार होते दूर, मेंदूच्या बाह्यस्तरात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये. पेशीच्या लांब तंतूच्या टोकाला ते पकडले जाते आणि तिथून उलट्या वाटेने पेशीच्या गाभ्यापर्यंत येते. पकडण्याचे काम ग्राहीचे, म्हणजे रिसेप्टरचे.

हे सगळे माणसाच्या मेंदूत पाहायचे तर मृत्यूनंतरच. बेंगळुरूतच, होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मेंदू-आरोग्य संस्थेत १९९५ पासून ब्रेन बँक आहे. अशा बँकांत साधारणपणे मेंदूचा एक भाग अतिशीत तापमानात गोठवतात आणि दुसरा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. ताज्या मेंदूला सुरी लावली तर तो दबतो, ओघळतो. काही आठवडे फॉर्मॅलिनमध्ये राहिला की पनीरसारखा घट्ट होतो. मग लांब पात्याच्या सुरीने पुढून मागे, साधारण सेंटिमीटरभर जाडीचे काप करतात आणि ट्रेवर ओळीने मांडतात. मायनर्टचा पुंजका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही अर्धगोलांना जोडणारी एक पांढरी दोरी खुणेला धरायची आणि तिच्या खालचा तुकडा उचलायचा. तो मेणात बसवून मायक्रोटोमवर काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. एका पापुद्र्यावर अ‍ॅसिटाइलकोलीन बनवणाऱ्या विकराचे प्रतिपिंड, शेजारच्यावर एनजीएफ पकडणाऱ्या ट्रकए या ग्राहीचे. जिथे प्रतिपिंड चिकटते तिथे तपकिरी रंग उमटतो.

शिकागोत एलियट मफसन आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच पेशी मोजल्या. मेंदू होते कॅथलिक जोगिणी आणि धर्मगुरूंचे. दरवर्षी स्मरणाच्या चाचण्या देण्याचे आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचे त्यांनी हयातीतच मान्य केले होते. स्मृती जेमतेम ढासळू लागलेल्यांतही ट्रकए दाखवणाऱ्या पेशी सुमारे निम्म्यावर आल्या होत्या. अ‍ॅसिटाइलकोलीन बनवणाऱ्या पेशींची संख्या मात्र त्या टप्प्यावर फारशी घटलेली नव्हती. पेशी अजून उभ्या होत्या, पण ‘जग’ हा निरोप घेणारी ग्राही त्यांनी गमावली होती. एनजीएफची दुसरीही एक ग्राही आहे, पी७५. अल्झायमरमध्ये एनजीएफचे अर्धवट, पक्व न झालेले रूप मेंदूत साठते. ते पी७५ला चिकटले की पेशी मरणाच्या वाटेला लागू शकते. उपाय शोधणाऱ्यांना म्हणूनच ‘एनजीएफ वाढवा’ एवढ्यावर थांबता येत नाही.

तरी सुरुवात तिथूनच झाली. १९९२ मध्ये स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी ६९ वर्षांच्या एका बाईंच्या मेंदूतल्या पोकळीत एनजीएफ सोडल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढच्या रुग्णांत पाठदुखी आणि वजन घटणे हे त्रास दिसले, कारण औषध सगळीकडे पसरत होते. म्हणून कॅलिफोर्नियात मार्क तुशिन्स्की यांनी २००१ मध्ये एनजीएफचे जनुक घातलेल्या पेशी थेट त्या पुंजक्यात पोहोचवण्याचा मार्ग धरला. त्या पहिल्या आठ जणांतला एक रुग्ण शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावानंतर पाच आठवड्यांनी दगावला. त्याच्या मेंदूच्या कापात तंतू एनजीएफकडे वाढलेले दिसले.

पुढची चाचणी मोठी होती: ४९ रुग्ण, काहींवर केवळ लटकी शस्त्रक्रिया, दोन वर्षांची नजर. २०१८ मध्ये निकाल आला, फायदा नाही. अनेकांच्या लेखी कल्पनाच संपली. पुढे मरण पावलेल्या तीन सहभागींच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा जनुक काही वर्षांनंतरही काम करताना आढळले, पण सुई टोचलेल्या १५ जागांपैकी एकाही जागेवरून एनजीएफ त्या पेशींपर्यंत पोहोचलेच नव्हते. म्हणजे एनजीएफची परीक्षा त्या चाचणीत झालीच नव्हती. हे कळले ते केवळ तीन कुटुंबांनी मेंदू दिले म्हणून. या क्षेत्रातली ही सर्वांत महत्त्वाची घटना मानायला हवी.

आता पी७५चा मार्गही तपासला जातो आहे. स्टॅनफर्डचे फ्रँक लाँगो यांच्या चमूचे एक औषध कॅप्सूलमधून देता येते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४२ रुग्णांच्या चाचणीत ते सुरक्षित ठरले आणि रोगाच्या काही निर्देशकांतले बदल मंदावले. स्मरणात ठळक फरक मात्र दिसला नाही.

महाराष्ट्रात नेत्रदान आणि देहदान घराघरांत माहीत आहे. मेंदूदानाचे नाव क्वचित निघते. व्हाइटफील्डच्या ज्या घरांत ती गोळी दिली जाते, त्यांच्यापासून ब्रेन बँक एकाच शहरात, साधारण वीस किलोमीटरवर आहे. मेंदू काढताना चेहऱ्याला धक्का लागत नाही आणि देह अंत्यसंस्कारांसाठी परत मिळतो. मेंदू मृत्यूनंतर काही तासांतच काढावा लागतो आणि तेव्हा संमती नातेवाइकांनाच द्यायची असते. त्यामुळे आजी-आजोबांना काय हवे ते स्वतः सांगता येते आहे, तोवरच हा विषय जेवणाच्या टेबलावर काढलेला बरा.