घड्याळात चार-वीसच वाजायला हवेत

समजा, मुलांच्या रहस्यमालिकेतला एक प्रसंग आहे. जुन्या वाड्याची ओसरी आणि भिंतीवर लंबकाचं घड्याळ, चार वाजून वीस मिनिटांनी बंद पडलेलं. घरी आलेला पाहुणा खोटं बोलतोय, हे शेवटी याच घड्याळावरून सिद्ध होणार आहे. हे वर्णन चित्र काढणाऱ्या एआयला दिलं की ओसरी झकास उतरते. खांबावरची नक्षी येते, कौलांच्या फटीतून कवडसा येतो, कवडशात धूळही तरंगते. घड्याळात मात्र अनेकदा दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात!

याचं कारण जाहिरातींत आहे. विक्रीच्या छायाचित्रात काटे दहा-दहावर ठेवतात, म्हणजे तबकडीवरचं कंपनीचं नाव झाकलं जात नाही. अशी असंख्य छायाचित्रं पाहून शिकलेल्या मॉडेलच्या लेखी घड्याळ असंच दिसतं. नवी मॉडेल्स बरीच सुधारली आहेत, पण बोटांची संख्या, आरशातलं प्रतिबिंब, चिठ्ठीवरची अक्षरं, त्यातही देवनागरी जोडाक्षरं, इथे अजून डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. आणि रहस्यकथा उभी राहते ती नेमक्या याच गोष्टींवर. परीकथेत राजवाड्याला एक खिडकी जास्त आली तर काही बिघडत नाही. रहस्यकथेत ती खिडकी म्हणजे चोराची वाट ठरते.

तरीही छोट्या चमूंना एआयचं मोठं बळ वाटतं. एआयच्या आधीही संगणकाने त्यांना असंच बळ दिलं होतं. निकलोडियन वाहिनीवर १९९६ मध्ये ‘ब्लूज क्लूज’ ही मुलांची मालिका सुरू झाली. प्रत्येक भागात ब्लू नावाची कुत्री पंजाचे तीन ठसे सोडते आणि त्यांवरून मुलांनी कोडं सोडवायचं. अँजेला सँटोमेरो, टॉड केसलर आणि ट्रेसी पेज जॉन्सन यांची ही निर्मिती. कागद, कापड अशा साध्या वस्तू स्कॅन करून साध्या मॅकिंटॉश संगणकांवर त्या हलत्या केल्या जात. साधनं स्वस्त होती, पण विचारात काटकसर नव्हती. प्रत्येक भाग तयार होत असताना तीन वेळा मुलांसमोर तपासला जाई, आणि एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. सोमवारी गोंधळलेलं मूल शुक्रवारी पडद्याच्या आधी उत्तर द्यायचं. पडद्यावरची प्रत्येक खूण विश्वासाची होती, म्हणूनच हे घडत होतं.

हा विश्वास एआयच्या चित्रांत टिकवणं कठीण का जातं? जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की मुंग्या दिसायच्या. आजची बहुतेक मॉडेल्स तशाच मुंग्यांपासून सुरुवात करतात आणि लिहून दिलेल्या वर्णनाकडे पाहत थोडा थोडा गोंधळ पुसत चित्रापर्यंत पोचतात. दर वेळी मुंग्या नव्या, म्हणून शब्द तेच असूनही चित्र नवं. पहिल्या शॉटमधल्या मुलीच्या निळ्या फ्रॉकला दोन खिसे होते, हे तिसऱ्या शॉटला ठाऊकच नसतं.

यावर उपाय आले आहेत. पात्राची संदर्भचित्रं सोबत द्यायची, किंवा त्या पात्राच्या मोजक्या चित्रांवर मॉडेलला वेगळं शिकवायचं. रनवे कंपनीने मार्च २०२५ मध्ये आणलेल्या जेन-४ मध्ये पात्र सगळ्या दृश्यांत तेच राहण्यावरच भर होता. मे २०२५ मध्ये गुगलचं व्हिओ ३ आलं, ते चित्रासोबत आवाजही देतं. मात्र तेव्हा त्याची एक क्लिप आठ सेकंदांची होती. अकरा मिनिटांच्या भागाला अशा किमान त्र्याऐंशी क्लिप लागतात, आणि प्रत्येक जोडावर पुरावा निसटू शकतो.

म्हणून जाणते लोक सगळं काम यंत्रावर सोपवत नाहीत. चॅड नेल्सन यांच्या ‘क्रिटर्झ’ या २०२३ च्या लघुपटात पात्रं आणि पार्श्वभूमी डॅल-ई या चित्रं बनवणाऱ्या एआयने बनवली, हालचाल मात्र माणसांनी दिली. त्याच वर्षी नेटफ्लिक्स जपानच्या ‘द डॉग अँड द बॉय’ची पार्श्वचित्रं एआयच्या मदतीने काढली गेली. श्रेयनामावलीत ती काढणाऱ्या कलाकाराच्या नावाऐवजी ‘एआय आणि मानव’ अशा अर्थाची नोंद होती. त्यावर जगभरचे चित्रकार संतापले, आणि तो संताप रास्त होता. ज्याच्या हाताने चित्र पुरं झालं, त्याचं नाव लिहिणं ही किमान गोष्ट आहे.

नावाबरोबर हक्कही येतो. ‘झार्या ऑफ द डॉन’ या कॉमिकबद्दल अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवलं, की लेखकाचा मजकूर आणि चित्रांची मांडणी यांना संरक्षण मिळेल, मिडजर्नी या एआयने बनवलेल्या सुट्या चित्रांना नाही. मालिकेचा नायक नुसत्या प्रॉम्प्टमधून, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या वर्णनातून, जन्मला असेल, तर उद्या त्याचं चित्र दप्तरांवर छापणाऱ्याला तिथे अडवणं अवघड. नायक आधी कागदावर स्वतःच्या हाताने काढावा, हेच शहाणपणाचं.

अशी मालिका मराठीत करायची तर आवाजाचा वेगळा पेच आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढलेल्या वाचकाला ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च वेगळा आहे हे सांगावं लागत नाही. ‘सारं जग’ आणि ‘पाण्याचा जग’ लिहिताना सारखे, बोलताना वेगळे. यंत्राचा आवाज इथे अडखळला तर मुलं लगेच हसतात आणि प्रसंगातली भीती विरून जाते. इथे बालकलाकार बोलावून ध्वनिमुद्रण केलेलं बरं.

कथेची बांधणी शेवटाकडून करायची. गुन्हेगार कोण, तो कशावरून सापडतो, ती खूण कुठल्या शॉटमध्ये किती सेकंद दिसते, हे आधी एका वहीत उतरवायचं. ओसरी एआयकडून घ्यावी, पण चार-वीसचं घड्याळ चित्रकाराने काढून तिच्यावर बसवावं. मग भाग जोडून उकल व्हायच्या आधी थांबवायचा आणि आठ-नऊ वर्षांच्या पाच-सहा मुलांना विचारायचं, ‘कोणी केलं? कशावरून?’ एखादी मुलगी पुढे येऊन पडद्यावर बोट ठेवेल, ‘याचा तिसरा खिसा आत्ताच आला!’ तो खिसा वहीत नसेल, तर शॉट परत करायला घ्यायचा.