सैनिकाची शिदोरी

आमच्या उज्जैनच्या दक्षिणेस महूची लष्करी छावणी आहे. तेथील सैनिकी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ मुख्याध्यापक होते. 1891 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तेथेच झाला. रामजींनी फौजेत असतानाच पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले होते. निवृत्तीनंतर साताऱ्यास नोकरी करताना व मुलांचा अभ्यास घेताना हीच शिदोरी त्यांच्या कामी आली.

सैनिकाची नोकरी तारुण्यातच संपते. 2022 च्या अग्निपथ योजनेत तर ती चारच वर्षांची आहे. पुढे शेकडा 25 पर्यंत अग्निवीर कायम होतात. इतरांस सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. मात्र दहावी उत्तीर्ण अग्निवीरास सेवाकाळात बारावीच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळविता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पदवीसाठी निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाबद्दल धरले जातात. उरलेले निम्मे ज्याचे त्याने अभ्यासानेच मिळवावयाचे असतात.

म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही इतकेच सुचवितो : धावण्याचा सराव अवश्य करा, परंतु पुस्तक मिटू नका. पदवीस तीन वर्षे लागतात आणि सेवा चार वर्षांची असते. तेव्हा विद्यापीठात नाव शक्य तितक्या लवकर नोंदवावे.