दगड वाळला, पण स्वच्छ झाला का?

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी रंगीत मासे पाळण्याची काचेची टाकी असेल. आपल्याकडे सापडणारा काळा, छिद्रे असलेला दगड या टाकीत फार शोभून दिसतो.

कधीकधी नव्या पाणवनस्पतीबरोबर एखादी लहान गोगलगाय टाकीत येते. काही आठवड्यांत टाकीभर गोगलगायी होतात. मग मासे दुसऱ्या भांड्यात काढतात आणि दगड उन्हात ठेवतात. दोन दिवसांत दगड कोरडा दिसतो. तो तसाच परत टाकीत ठेवावा का? नाही!

दगड वरून वाळतो, पण छिद्रांत ओल राहते. तेथे गोगलगायीची चिकट अंडी टिकू शकतात. काही गोगलगायींच्या शंखाला झाकण असते. पाणी आटले की त्या झाकण लावून घेतात आणि आत अनेक दिवस जिवंत राहतात.

"मग दगड उकळला तर?" असे तुम्ही विचाराल. तसे कधीही करू नका. छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही, तर दगड फुटून अंगावर उडू शकतो.

मग काय करावे? प्रथम दगड ब्रशने घासा. साबण लावू नका. पुढचे काम मोठ्या माणसांनीच करावे. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, बादलीत नऊ भाग पाणी आणि एक भाग साधे ब्लीच घ्यावे. त्यात दगड 24 तास बुडवून ठेवावा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

नंतर दगड अनेकदा धुवा. क्लोरीन घालवणारे औषध माशांच्या दुकानात मिळते. ते घातलेल्या पाण्यात दगड एक दिवस ठेवा. मग दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळवा. टाकी, वाळू आणि जाळीही अशीच स्वच्छ करा.

आता दगड आठवडाभर साध्या पाण्यात ठेवून पाहा. पाणी गढूळ झाले किंवा त्याला घाण वास आला, तर आत मेलेले जीव कुजत आहेत असे समजा. दगड पुन्हा घासून धुवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. दगडावर राहणारे उपयोगी जिवाणू या अमोनियाचे रूपांतर करतात. ब्लीचने गोगलगायींबरोबर हे जिवाणूही मरतात. ते पुन्हा वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सगळे मासे एकदम सोडू नका. आधी एक-दोनच सोडा आणि पाणी थोडे थोडे बदलत राहा.

काढलेल्या गोगलगायी ओढ्यात किंवा तळ्यात मात्र टाकू नका. नाहीतर आपल्या टाकीतील त्रास तेथील जीवांना होईल.

मासे स्वतः पाणी बदलू शकत नाहीत. त्यांची काळजी आपणच घ्यायला हवी, नाही का?