पाठीवरची पिशवी कोण हलवतं?

लोणावळा लोकल खडकी स्टेशनात शिरत असताना पुलाच्या जिन्यावरून उतरणाऱ्यांकडे जरा लक्ष देऊन बघा. एका खांद्याला जड पिशवी अडकवून कुणीतरी धावत पायऱ्या उतरत असतो. पिशवी त्याच्या मागे रेंगाळते, धड आपसूक दुसऱ्या बाजूला कललेलं असतं. खाली पोचून तो थबकतो, पण पिशवी थबकत नाही. ती पुढे येऊन कमरेवर आदळते आणि त्या हिसक्याने त्याचं आणखी अर्धं पाऊल पुढे पडतं. यातलं पाऊलही त्याने ठरवून टाकलेलं नसतं. ॲनिमेशनमधलं पात्र खरं वाटतं ते अशा न ठरवलेल्या हालचालींमुळे, आणि नेमक्या त्याच हाताने काढायला सर्वांत अवघड.

आपल्याकडे ही कला जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला, तो काड्या किंचित सरकवायच्या, एक चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायच्या, अशा चिकाटीने. पुण्यात प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. बोलपटाच्या काळात पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागत. पिशवी झुलायला हवी असेल, तर तिचा प्रत्येक झोका कलावंतानेच कल्पायचा.

भौतिकीवर चालणाऱ्या ॲनिमेशनमध्ये हा क्रम उलटतो. पात्राला डोकं, धड, मांड्या, पोटऱ्या असतात. प्रत्येकाला वस्तुमान आणि प्रत्येक सांध्याला मर्यादा. गुडघा मागे दुमडेल, पुढे नाही. मग गुरुत्वाकर्षण, घर्षण आणि धक्के यांचा हिशेब संगणक करतो. या हिशेबाची एक पद्धत मला फार आवडते. लू व्हर्ले या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये ती रेणूंच्या हालचालींसाठी वापरली, आणि २००० साली आलेल्या ‘हिटमॅन’ या व्हिडिओ गेममध्ये थॉमस याकोबसेन यांनी तिच्यावर माणसांची शरीरं चालवली. प्रत्येक बिंदूची आत्ताची आणि क्षणापूर्वीची जागा एवढंच लक्षात ठेवायचं. मागच्या क्षणात बिंदू जेवढा सरकला तेवढाच पुढे सरकवायचा आणि त्यात गुरुत्वाकर्षणाची भर घालायची. मग हाडांची लांबी तपासायची. मांडीचं हाड ४० सेंटिमीटरचं असताना दोन टोकांत ४२ चं अंतर पडलं, तर दोन्ही टोकं एकेक सेंटिमीटर आत ओढायची. त्यामुळे शेजारचा सांधा बिघडतो. तोही दुरुस्त करायचा. अशा चार-पाच फेऱ्यांत शरीर सावरतं. सांध्यांच्या जागी ताठ स्प्रिंगा घातल्या, तर हिशेबाचा टप्पा जरा मोठा होताच पात्राचे हातपाय चारी दिशांना उडतात. इथे ते टळतं.

गेममध्ये हे सगळं एका सेकंदात ६० वेळा व्हायला हवं. म्हणजे एका चौकटीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद, आणि त्यातच प्रकाश, सावल्या, कापडाचा पोतही रंगवायचा. चित्रपटातली एक चौकट तयार व्हायला तासन्‌तास लागू शकतात; गेमच्या तत्काळ चित्रणात तेवढी उसंत नाही. बदल्यात मिळतं ते मोलाचं आहे: पात्राला ढकललं की ते त्याच क्षणी कसं तोल सावरतं हे दिसतं.

पण नुसत्या भौतिकीवर सोडलेलं पात्र चिंध्यांच्या बाहुलीसारखं कोसळतं. म्हणून सांध्यांना स्नायू द्यावे लागतात: गुडघ्याचा हवा तो कोन आणि आत्ताचा कोन यांत जेवढा फरक, तेवढा जोर. जोर जास्त झाला की यंत्रमानव दिसतो, कमी झाला की झिंगलेला माणूस. माझ्या मते आजच्या ॲनिमेटरची खरी कारागिरी या मधल्या पट्ट्यात आहे. २०१८ मधल्या ‘डीपमिमिक’ या संशोधनात तर पात्र माणसाच्या नोंदवलेल्या हालचाली पाहून, असंख्य वेळा पडत-उठत कोलांटी मारायला शिकलं.

ताबा आणि वजन यांचा हा मेळ पाहून मला सिंधुदुर्गातलं पिंगुळी आठवतं. तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांत सुताची वरची टोकं तेवढी कलावंताच्या हाती असतात, उरलेलं काम लाकडाचं वजन करतं. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. संगणकाच्या भाषेत सूत म्हणजे एकतर्फी हाड: ताणलं तर ओढतं, सैल पडलं तर काहीच करत नाही. ‘अंतर जास्त असेल तरच दुरुस्ती कर’ एवढी एक अट घातली की वरच्याच हिशेबात कळसूत्री बाहुली उभी राहते, आणि माउसच्या टोकाला बांधली तर नाचूही लागते.

पुण्यात ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलामुलींनी हा प्रयोग जरूर करावा. ब्लेंडर आणि गोडॉट ही दोन्ही साधनं मोफत आहेत, आणि दहा-पंधरा बिंदूंची बाहुली साध्या लॅपटॉपवरही सहज चालते. फक्त त्याआधी एकदा पिंगुळीला जा, आणि खेळ पाहताना बाहुलीपेक्षा सूत धरलेल्या बोटांकडे बघा.