मूल गप्प का आहे?

इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत मी ‘सेन्को’ आहे, असं सांगितलं की इकडचे नातेवाईक विचारतात, “म्हणजे नेमकं काय गं?” विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाची समन्वयक, हे उत्तर त्यांना पटकन उमगत नाही. मग मी एका मुलाची गोष्ट सांगते.

वय वर्षं सहा. घरी मराठी. वर्गात हाक मारली तरी बघायचा नाही, सांगितलेलं काम अर्धवट सोडायचा. बाईंना वाटलं, इंग्रजी कच्चं आहे, येईल हळूहळू. त्याची आई मला म्हणाली, “ताई, आम्ही घरी मराठी बोलणंच बंद केलंय.”

तिथला २०१४ चा कायदा सांगतो, की केवळ घरची भाषा वेगळी म्हणून मुलाला शिकण्याची अडचण आहे, असं मानायचं नाही. पण याला दुसरी बाजूही आहे. सगळं भाषेवर ढकललं, तर खरी अडचण झाकली जाते. मी त्याच्या मागे उभं राहून मराठीत विचारलं, “खेळायला येतोस का?” त्यानं मान वळवली नाही. समोर येऊन तेच विचारलं, तर लगेच हसून उठला! आई-वडिलांशी बोलून श्रवणतपासणी करून घेतली. कानाच्या पडद्यामागे चिकट द्राव साचला होता. लहान मुलांमध्ये हे पुष्कळदा होतं आणि ऐकणं कधी बरं, कधी कमी असं होत राहतं.

हे पद १९९४ च्या मार्गदर्शक संहितेपासून शाळांमध्ये रुजलं. २००९ पासून ते पात्रताधारक शिक्षकाकडेच असावं लागतं. कामाची रीत चार पायऱ्यांची: अडचण तपासायची, उपाय आखायचा, तो करायचा आणि ठरावीक काळानं आई-वडिलांसह आढावा घ्यायचा. मूल मात्र माझ्या ताब्यात येत नाही. त्याची जबाबदारी वर्गशिक्षकांचीच राहते. सुटी सुटी माहिती एकत्र आणणं आणि ती हरवू न देणं, हे माझं काम.

या मुलाला पुढच्या बाकावर बसवलं. बाई त्याच्याकडे तोंड करून बोलू लागल्या. कानांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. आईला मी एवढंच म्हटलं, “घरी मराठी पुन्हा सुरू करा. फक्त त्याच्या समोर बसून बोला.”